वृकोदर आणि ढोकरी

चि. मित्रास अनेक आशीर्वाद,

तुझी कथा दोनदा वाचली. कोल्ह्यासारखा धूर्त सावकार, गरीब गाय असलेली सून आणि डरकाळी फोडणारा वाघ असा सासरा ही तिघे पहिल्याच पानावर भेटली, पण शेवटपर्यंत त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मला दिसला नाही. भाषेत आयती पडलेली उपमा उचलली की प्राणी दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. 'धूर्त' लिहून झाल्यावर त्या वाक्यात कोल्ह्याला काय काम उरले, हे तूच पाहा.

महाभारतात पुरुषव्याघ्र, नरशार्दूल, भरतर्षभ ही संबोधने अनेक वीरांना सढळ हाताने दिलेली आहेत आणि म्हणूनच त्यांवरून कुणी एक वीर ओळखू येत नाही. वृकोदर म्हटले की मात्र भीमच उभा राहतो. लांडग्याचे सगळे गुण त्याला चिकटवलेले नाहीत, घेतले आहे ते फक्त पोट. आणि त्या पोटामागे प्रसंग आहे. एकचक्रा नगरीत पांडव भिक्षा मागून आणत, तेव्हा कुंती त्यातला अर्धा भाग एकट्या भीमाला देई आणि उरलेल्या अर्ध्यात चौघे भाऊ व ती स्वतः भागवत. प्राण्याकडून एवढेच, एका अवयवापुरते, घ्यावे.

त्यासाठी प्राणी पाहावा लागतो. बगळा म्हटले की आपल्याला ढोंगीपणाच आठवतो, पण भातखाचराच्या बांधावर बसलेली ढोकरी पाहिली आहेस का? मान खांद्यांत ओढून घेतलेला तो मातकट पक्षी जवळ जाईपर्यंत ढेकळासारखा वाटतो, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. वाटणीच्या बैठकीत दाराशी अंग चोरून बसलेली आणि अचानक उठून आपला हिस्सा मागणारी आत्या मला त्यात दिसते.

दुसरे असे की, उपमा कुणाच्या नजरेतून येते हे विसरू नये. तुझी कथा सून सांगते आणि ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आहे; तिने वाघ कधी पाहिला? तिला चिंबोरी ठाऊक आहे. मुलाने तिजोरीच्या किल्ल्या काढून घेतल्यावरही घरभर कुरकुरत फिरणारा सासरा तिला नांग्या दोऱ्याने बांधलेल्या, तरी टोपलीत रात्रभर खरखरत राहणाऱ्या चिंबोरीसारखा वाटेल.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तू घूस म्हटले आहेस, तिच्या मुलांना डुकराची पिल्ले, आणि घरमालकाच्या वाट्याला वाघ आला आहे. तुझ्या मनात तसे नसेल, हे मी जाणतो. परंतु निवेदनात आले की ते कथेचे मत होते. हेच शब्द सासूच्या तोंडी घातलेस तर ते त्या बाईविषयी काही सांगणार नाहीत, सासूविषयी पुष्कळ सांगतील. निवेदनातून ते काढच; याबाबत मी आग्रही आहे.

पुढच्या खर्ड्यात आधी सासऱ्याचा वाघ खोड. चिंबोरीही माझी आहे, ती जशीच्या तशी उचलू नकोस. तो मुलाकडे किल्ल्या परत मागतो तो प्रसंग आधी पूर्ण लिही, सुनेला दाराआड उभी कर, आणि त्याच्या हातांकडे पाहताना तिला काय आठवते ते मला कळव.

तुझा,
एक वडीलधारा वाचक