हरलो, हारलो की हरवलो?

प्रश्न : नमस्कार ताई, पोरगा सातवीत आहे, त्याला 'मी पाहिलेला सामना' असा निबंध होता, शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच त्यानं मन लावून लिहिली, पण 'आमची पेठ हारली' या वाक्याला बाईंनी लाल गोल केला आणि 'हरली' केलं. त्याचं म्हणणं, हार होते तर हारलीच ना? शिवाय 'हरवणे' म्हणजे दुसऱ्याला पाडणं पण आणि वस्तू गहाळ करणं पण, एकच शब्द दोन्हीला कसा काय? जरा समजावून सांगा.
— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पोराला आधी शाबासकी द्या, कारण त्यानं विचार केलाय. चाल-चालणे, वाढ-वाढणे, मग हार-हारणे, त्याचा हिशोब बरोबर आहे. पण मराठीत नाम 'हार' आणि क्रियापद 'हरणे' असंच लिहितात. 'हारलो' आपल्या तोंडात बसलंय ते बरंचसं हिंदी 'हारना' मुळं, बोलताना येऊ दे, पेपरात मात्र 'हरलो' लिहायचं. आणि ती हार म्हणजे पराभव, तो हार म्हणजे फुलांचा, हेही त्याला सांगून ठेवा.

आता 'हरवणे'. मला विचाराल तर खरी मजा इथं आहे, कारण सगळा फरक 'ला' वर आहे. 'त्यानं समोरच्याला हरवलं' म्हणजे जिंकला, 'त्यानं छत्री हरवली' म्हणजे गहाळ केली. 'गोलकीपरनं मॅच हरवली' म्हणजे त्याच्यामुळं आपण हरलो, हे तर कट्ट्यावर रोज ऐकता. मुळात संस्कृतातला 'हृ' म्हणजे नेणं, हिरावणं, सीताहरण, अपहरण त्यातलेच, त्यामुळं हातचं काहीतरी गेलं हा भाव सगळीकडं आहेच.

अजून एक बारीक गोष्ट, 'त्यानं मॅच हरली' असं आपण म्हणत नाही, 'तो मॅच हरला' म्हणतो. विसरला, शिकला, बोलला यांच्यासारखंच हे, तिथं 'नं' लागत नाही. जिंकण्याला मात्र 'तो मॅच जिंकला' आणि 'त्यानं मॅच जिंकली' दोन्ही चालतं.

मी सहा-सात वर्षांची असताना जोतिबाच्या चैत्र यात्रेत आईचा हात सुटला, सगळीकडं गुलाल, कुणाचा चेहरा ओळखू येईना, मग एका काकांनी मला उचलून लाऊडस्पीकरपाशी नेलं आणि पुकारलं, "हिरव्या परकरातली मुलगी हरवली आहे". पण आई धावत येऊन रडत म्हणाली काय, तर "माझं पोरगं चुकलं होतं गं". आमच्या घरात अजून माणूस चुकतं, हरवते ती किल्ली. हा 'चुकणं' शब्द मला फार जवळचा वाटतो, तो जाऊ देऊ नका.

कुस्तीवाल्यांचं वेगळंच. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबागेत जाऊन बसा, 'पराभूत झाला' कुणी म्हणणार नाही, जिंकणारा कुस्ती 'मारतो' आणि दुसरा 'पडतो', चीत होतो, पाठ टेकली की संपलं. हाच 'पडला' निवडणुकीतही आलाय, आपल्याकडं उमेदवार हरतो कमी आणि पडतो जास्त.

शेवटी एक गोष्ट सांगते, ती मला मनापासून लागलीय. परवा एका मुलानं मेसेज पाठवला, 'मी माझ्या आजीला हरवलं', खाली रडणारा चेहरा. इंग्रजीत विचार करून लिहिलेलं, त्याचं दुःख खरं होतं हो, पण मराठीत त्याचा अर्थ कॅरमच्या डावात आजीवर मात केली असा होतो. आणि 'आजी हरवली' म्हटलं तर लोक पोलीस चौकीत धावतील. माणूस कायमचं गेलं की चौकातल्या फलकावर 'मातृछत्र हरपले' असतं, पेपरात कलाकार 'गमावला' असतो, दोन्ही चांगलेच शब्द. पण घरात, स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडून आपण काय म्हणतो? आजी गेली. मी त्या मुलाला तेवढंच लिहून पाठवलं, आणि त्यानं लगेच परत लिहिलं, 'हो ताई, आजी गेली'.