जांघेतली आणि लिंगाजवळची खाज क्रीम लावलं की जाते, बंद केलं की परत येते. चार दिवस बरं वाटतं, सोडलं की दुप्पट खाज. काय करावं?

"चार दिवस बरं वाटतं, सोडलं की दुप्पट खाज" हे तुम्ही लिहिलंय ते वाचून मला माझेच आठ महिने आठवले. आधी ती ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसतंय का? ही स्टिरॉइडं आहेत.

माझ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि स्टिरॉइड असं सगळं एकत्र होतं. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्याच्या आडोशाने बुरशी पसरत राहते. त्यात वृषणाची कातडी अतिशय पातळ. १९६७ सालच्या एका प्रयोगात हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या कातडीपेक्षा तिथून सुमारे ४२ पट जास्त शोषलं गेलं होतं. आणि मी दिवसातून दोनदा चोपडत होतो! शिवाय अस्वच्छतेमुळेच हे होतंय अशी समजूत करून घेऊन अँटिसेप्टिक घातलेल्या पाण्याने धुवायचो. निम्मी जळजळ त्या धुण्याचीच होती.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर दोनदा अपॉइंटमेंट रद्द केली होती, तेही सांगून टाकतो. त्यांनी दोन मिनिटांत पाहिलं, कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बुरशीच निघाली, म्हणजे नायटा. मग पायाची बोटं दाखवायला सांगितली. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या, आणि अंडरवेअर चढवताना तीच बुरशी रोज वर येत होती. तेव्हापासून मी आधी मोजे घालतो, मग अंडरवेअर. हसू येतं, पण उपयोग होतो.

तुमचंही तेच असेल असं नाही. नायटा बहुतेक वेळा जांघेत कडा धरून पसरतो आणि वृषण सोडून देतो. लिंगाच्या टोकावर लाली आणि पांढरट थर असेल तर कॅंडिडा या वेगळ्या बुरशीची शंका येते, आणि ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासाच. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास होतो. पण गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. रात्री खाज वाढते, घरात आणखी कोणी खाजवतंय, वृषणावर बारीक गाठी आहेत, असं असेल तर ती बहुधा खरूज. मग घरातल्या सगळ्यांनी एकदमच औषध घ्यायचं, नाहीतर ती फिरत राहते. सोरायसिस हा कातडीवर खवले धरणारा आजारही तिथे होतो, पण तिथे खवल्यांशिवाय, त्यामुळे भलतंच काही असल्यासारखं वाटतं.

तोवर नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, सैल सुती कपडे घाला. नवं काही लावू नका. स्टिरॉइड बरेच दिवस वापरलं असेल तर ते एकदम बंद करायचं की हळूहळू, हे डॉक्टरांना विचारा. जखम भरत नसेल, कातडी पांढरी पडून कडक होत असेल, लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकेनाशी झाली असेल किंवा स्राव येत असेल, तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. मी पाच नेल्या होत्या. त्यातल्या चार, नावं वेगवेगळी असली तरी, आतून एकच निघाल्या.