गुडघा सरळ होतोय का, ते आधी बघा

हाडं, सांधे आणि खेळातल्या दुखापतींबद्दल सीमाभागातून आलेले प्रश्न आणि अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिलेली उत्तरं.

प्रश्न : लेक 19 वर्षांचा, तालमीत जातो. जत्रेच्या मैदानात समोरच्यानं एकेरी पट ओढला आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचं आलंय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर व्यायाम करा, मग ऑपरेशन. तुटलेलं असताना थांबायचं कशाला? आणि वस्ताद म्हणतात, हाडवैद्याकडून बसवून घ्या. काय करावं? (एक पालक, खानापूर)

उत्तर : आधी हाडवैद्याचं बोलू. एसीएल हे हाड नव्हे. मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारी ती दोरी आहे. ती मधोमध तुटली की ‘बसवण्या’सारखं काही उरत नाही. दोन तासांच्या आत आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात झालेला रक्तस्राव. अशा गुडघ्याला ओढाताण, तेलमालिश किंवा गरम शेक दिला तर रक्तस्राव वाढतो, शेजारची गादीही (दोन हाडांमधली मऊ चकती, मेनिस्कस) फाटू शकते. पहिले दोन-तीन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, क्रेप पट्टी आणि पाय उंचावर, एवढंच करायचं.

आता थांबण्याचं कारण. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर दोरी बसवली तर आत व्रणाचे धागे धरतात आणि गुडघा कायमचा पाच-दहा अंश वाकलेला राहू शकतो. तसा गुडघा घेऊन चालताना लंगडणं जात नाही, कुस्ती तर दूरच. म्हणून ऑपरेशनआधी तीन गोष्टी साधाव्या लागतात : सूज उतरणं, गुडघा दुसऱ्या पायाइतका सपाट सरळ होणं, आणि पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा न वाकणं. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. हे आठवडे वाया जात नाहीत, उपचार तिथूनच सुरू होतो.

व्यायाम असा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा खाली अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून चारदा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर खेचायची, पाच सेकंद धरायची, पंधरा वेळा. घरोघरी सर्रास होणारी चूक म्हणजे आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवणं. रात्रभर गुडघा वाकलेला राहतो आणि सकाळी सरळ होत नाही. ती उशी आजच काढा.

एका परिस्थितीत मात्र थांबायचं नाही. गुडघा शेवटचे दहा-पंधरा अंश सरळच होत नसेल, आत काही अडकल्यासारखं वाटत असेल, तर गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात घुसलेला असू शकतो. तेव्हा आठवडे मोजू नका, लगेच दाखवा.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. नवी दोरी बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडऱ्यांपासून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांपासून) करतात, किंवा वाटीखालच्या कंडरेचा मधला भाग घेतात. कोणती का, हे सर्जनला विचारा. कुस्तीत पाय मागे खेचणाऱ्या या मांडीमागच्या स्नायूंवर बराच भर असतो, म्हणून मुलगा पैलवान आहे हे आधीच सांगा.

पुढचा धोका घरच्यांना कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नवी दोरी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यांत कमजोर असते, कारण त्या काळात जुन्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरत असतात. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि पोरगं म्हणतं, “मी बरा झालो.” तिथंच तालमीची पायरी चढतात. सपाट जमिनीवर सरळ पळणं तीन-चार महिन्यांनी, पकडीचा हलका सराव सहा महिन्यांनंतर, आणि मैदान नऊ महिन्यांच्या आत नाही. नऊ महिने झाले म्हणूनही परवानगी नसते. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे. ते मोजून घ्या, अंदाजानं नको. गादीलाही टाके घातले असतील तर खोल बैठका सर्जनच्या परवानगीशिवाय सुरू करू नयेत. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, किंवा ताप येऊन जखमेतून पाणी आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ऑपरेशन न करताही काही जण चांगले राहतात. शेती, दुकान, सायकल चालते. पण गुडघा वारंवार निसटत असताना कुस्ती चालू ठेवली तर गादी फाटत जाते आणि तिशीतच सांधा झिजू लागतो.

प्रश्न : आई 61 वर्षांची. चाळीस वर्षं विड्या वळल्या. दोन्ही गुडघे दुखतात, मधुमेह आहे. कुणी इंजेक्शन सांगतं, कुणी सांधा बदला म्हणतं. (एक लेक, निपाणी)

उत्तर : एक्स-रे उभं राहून काढलाय का, ते पहिल्यांदा बघा. झोपून काढलेल्या फोटोत हाडांमधली जागा खोटी मोठी दिसते. पण फोटो कितीही वाईट असला तरी त्यावरून सांधा बदलायचं ठरत नाही. रात्री दुखण्यानं झोपमोड होते का, घरात चालणं अवघड झालंय का, व्यायाम आणि औषधं तीन महिने नीट करूनही फरक नाही का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ऑपरेशनचा विचार योग्य आहे.

तोवर बसणं बदला. मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून तासन् तास बसल्यानं वाटीमागचा दाब सतत राहतो. सूप टेबलावर, आई खुर्चीवर, आणि दर अर्ध्या तासाला उठून दहा पावलं. पान आणि जर्दा हाताशी येईल इतक्या उंचीचं टेबल गावातला सुतारही करून देतो. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरणं, दहा वेळा, तीनदा. आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं, आठ वेळा. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. इतकं कमावून देणारं औषध नाही.

स्टेरॉईडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. आणि सांधा बदलायचाच असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत ते घेऊ नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पूर्ण झिजलेल्या गुडघ्यात ‘कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा वाढवतो’ म्हणून महागडी इंजेक्शनं विकली जातात. तशी वाढ होत नाही, पैसे घालवू नका. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने खाऊ नयेत. मधुमेहात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

सांधा बदलला तर दुसऱ्या दिवशी चालवतात. दोन आठवड्यांत साधारण 90 अंश वाकला पाहिजे आणि पूर्ण सरळही झाला पाहिजे. घरचे सगळे वाकण्याकडे बघतात, सरळ होणं विसरतात. कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती केंद्र सरकारनं 2017 साली ठरवून दिल्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा, आणि खोक्यावरचं कंपनी व बॅच क्रमांकाचं लेबल फाइलमध्ये चिकटवून घ्या.

प्रश्न : सैन्यभरतीची तयारी करतोय. 1.6 किलोमीटर धावताना नडगी आतल्या बाजूनं दुखते. एक्स-रे नॉर्मल आहे. पळू का? (चिकोडी)

उत्तर : एका बोटानं दाबून बघा. हाताच्या पंजाएवढ्या लांबीत, आतल्या कडेनं सगळीकडे दुखत असेल तर हाडाच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता जास्त. एकाच टिचभर जागी टोचत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. नॉर्मल फोटोवर भरवसा ठेवून पळत राहू नका.

तडा असेल तर धावणं सहा ते आठ आठवडे बंद. दुखणं नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर जास्तच सांभाळा, तो तडा सहजी भरत नाही. नुसती आवरणाची सूज असेल तर दोन आठवडे सायकल किंवा पोहणं, मग डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या मैदानावर एकाआड एक दिवस, आणि अंतर आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांनीच वाढवायचं. पायरीवर टाच उचलण्याचा व्यायाम 15 वेळा, तीन फेऱ्या. भरतीची तारीख जवळ आली म्हणून एका आठवड्यात दुप्पट पळणं, यातूनच बहुतेक नडग्या जातात.

प्रश्न : पुतण्याचं मनगट मोडलं. गावात बांबूच्या कामट्या बांधल्या. बोटं सुजलीत, बधिर झालीत. दोन दिवस थांबू? (संकेश्वर)

उत्तर : दोन तासही नाही. आता सोडा, कामट्या आणि खालचा कापूस दोन्ही. बोट हळूच सरळ करताना मूल ओरडत असेल, तर हाताच्या आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतोय असं समजा. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात आणि मग हात कायमचा पंजासारखा वाकडा होतो. हात छातीच्या पातळीवर धरून थेट इमर्जन्सीत न्या. प्लॅस्टर घातल्यावरही हीच खूण लक्षात ठेवा.

प्रश्न : बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला दाखवायला जाताना काय न्यावं? (अथणी)

उत्तर : एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणि फिल्म न्या. सर्जनला चित्र स्वतः बघायचं असतं. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर. कर्नाटकातल्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, इतरांना ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, दीड लाखांपर्यंत मदत मिळते. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी घ्या, नंतर ती मिळवताना हेलपाटे पडतात. आणि गुडघा दाखवायचा असेल तर सैल हाफ पँट घाला. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी दिसायला हवेत.