चौथा रकाना

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे वहीचे फोटोही नीट पाहिले. पट्टीनं आखलेले चार रकाने: पहाटेची प्रार्थना, तीन अध्याय, उपास, आणि शेवटचा ‘आईवर चिडले नाही’. पहिल्या तिन्हींत खुणा बरोबरच्या, चौथ्यात फुल्याच फुल्या. आणि त्याखाली, पेन दाबून: ‘काहीच बदललं नाही, तरुण संघ सोडते.’

तुझी तळमळ खरी आहे. पण ही वही एक गोष्ट धरून चालली आहे, की तू पुरेसं केलंस म्हणजे मग देव तुला नवं करील. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. आठव्या-नवव्या वचनात तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान, कर्माची मजुरी नव्हे. सत्कृत्यं येतात दहाव्यात, आणि तीही देवानं आधीच योजून ठेवलेली. तू वाचायला सुरुवात दहाव्यापासून केलीस. म्हणून इतकी दमलीस. तीताला पत्र 3:5 मध्ये ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल नवीकरणाचं काम थेट पवित्र आत्म्याच्या हाती देतो, तिथं आपल्या नावचा रकानाच नाही.

काटोलकडच्या बागा तू लहानपणापासून पाहिल्यास. आपल्याकडचा संत्रा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खुंट आंबट जातीचा. माळी त्याची साल चिरून संत्र्याचा डोळा बसवतो, पट्टीनं घट्ट बांधतो. खुंटानं कितीही जोर केला तरी स्वतःतून संत्रा काढणं त्याला जमायचं नाही. ते जीवन बाहेरून आणून बसवावं लागतं. पण कलम लागलं, झाड वाढलं, तरी जोडाच्या खालून जंबेरीची फूट येतच राहते. माळी ती दिसली की काढून टाकतो. बाग वाया गेली असं म्हणून कुऱ्हाड आणायला तो धावत नाही. तुझ्या चौथ्या रकान्यातला राग ही ती खालची फूट आहे. ती काढायची आहेच, त्यात सूट नाही. पण तिच्यावरून झाडाची जात ठरवू नकोस. आणि एक विचार कर: तीन वर्षांपूर्वी आईवर ओरडल्यावर तुला रात्री झोप लागायची. आता लागत नाही, असं तूच लिहितेस. ही टोचणी कुणी दिली?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मुद्दाम देते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना आसरा दिला, शिकवलं. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. एवढी विद्वान, एवढी कष्टाळू बाई! श्रमांत काही कमी नव्हतं. पापी म्हणून, जशी आहे तशी, ख्रिस्तावर टेकायचं राहिलं होतं. ते झालं, आणि सेवा थांबली तर नाहीच, उलट वाढली.

आपल्या नागपूरचीही एक गोष्ट आहे. कवी ना. वा. टिळक इथं काम करत होते. 1893 च्या सुमारास ते राजनांदगावला निघाले, तेव्हा आगगाडीत एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळक तो शोधायला निघाले नव्हते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कृपा अशी आपल्या आधी येऊन बसलेली असते.

आता एक गोष्ट बोलायलाच हवी. मागच्या प्रभुभोजनाला तुझी ओळ भाकर-द्राक्षारस घ्यायला उठली तेव्हा तू पाय बाकाखाली घेऊन बाकीच्यांना वाट दिलीस आणि मान खाली घालून बसून राहिलीस. मला फार वाईट वाटलं. 1 करिंथ 11:28 तुझ्या मनात असेल, स्वतःची परीक्षा करावी. पण ते वचन पुरतं वाच: परीक्षा करावी आणि मग खावं, प्यावं. परीक्षा करून घरी परत जावं असं पौल म्हणत नाही. आजारी माणसानं बरं होईपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही, हा कुठला नियम?

कृपा म्हणजे मोकळीक, असं मात्र समजू नकोस. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल त्या विचाराला ठणकावून ‘नाही’ म्हणतो, आणि तीताला पत्र 2:11-12 मध्ये सांगतो की कृपाच आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते. शिकवते म्हणजे वेळ लागणार, धडा पुन्हा गिरवावा लागणार. 2 करिंथ 4:16 मध्ये अंतरात्मा नवा होण्याची गोष्ट आहे, ती दिवसेंदिवस होते. एका रात्रीत होईल असं वचन कुणी दिलेलं नाही.

तेव्हा पुढचा महिनाभर ही वही मला आणून दे. पहाटेची प्रार्थना सोडू नकोस, पण तीन अध्यायांची धाव थांबव. फक्त 51 वं स्तोत्र घे, सावकाश, ओठांनी पुटपुटत. दहाव्या वचनाशी थांब. स्तोत्र रचणारा दावीद तिथं ‘मी शुद्ध हृदय करीन’ असं म्हणत नाही, देवाकडे मागतो. तूही माग, आणि मागून झाल्यावर उठून कामाला लाग.

आणि आईशी बोल. मनात पश्चात्ताप दाटून येईल याची वाट पाहू नकोस. आज संध्याकाळी, ती पोळ्या लाटत असेल तेव्हा, तिच्या शेजारी उभी राहून स्पष्ट शब्दांत माफी माग. ‘पण तूही’ हे शब्द त्यात नकोत. ती काही बोलली नाही तरी चालेल.

तरुण संघाचा निर्णय नंतर घेऊ. शनिवारी गायनाचा सराव संपला की सदरला माझ्या घरी ये, वही घेऊन. जेवूनच जा.

तुझी,
शब्बाथ शाळेतली बाई