पूर ओसरला की काठ का ढासळतो?

पायाचे खड्डे खणायचे दिवस आले की वाचकांकडून एकच शंका येते: माती घट्ट दिसतेय, मग तपासायची कशाला?

मिस्त्रींनी पहार मारून बघितली, जमीन कडक आहे. पाया घालू का? (कसबा बावडा)

नको. काळी माती मे महिन्यात विटेसारखी वाजते, जुलैत तिथंच चप्पल रुतते. बोअर घेऊन खालच्या मातीची चाचणी करा.

माती चाचणीच्या अहवालातले 'सी' आणि 'फाय' म्हणजे काय? (उचगाव)

'सी' मातीचा चिकटपणा, 'फाय' कणांच्या घर्षणाचा कोन. या दोन्हींवरून मातीची ताकद काढायचा, १७७६ साली कूलाँब या फ्रेंच इंजिनिअरनं मांडलेला हिशोब आजही चालतो. पायाची रुंदी मात्र इंजिनिअरलाच काढू द्या.

२०१९ च्या पुरात आमचा काठ शाबूत होता. पाणी उतरल्यावर पडला. नदी माती ओढून नेते म्हणतात, खरं का? (शिरोळ)

हे ओढून नेण्याचं ऐकून कान किटले! मातीचे कण एकमेकांवर दाबून बसतात, तेव्हाच घर्षण मिळतं. पोकळ्यांत पाणी भरलं की भाराचा काही वाटा ते उचलतं आणि कणांमधला दाब उतरतो. हे मृदा-यांत्रिकीचा जनक तेर्झागीनं शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. पूर असेपर्यंत नदीचंच पाणी काठाला बाहेरून टेकू देतं. मग पातळी झपाट्यानं उतरते. इकडे कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण मागे पडली की सगळे हुश्श करतात. पण चिकणमातीतलं पाणी इतक्या लवकर निघत नाही. टेकू गेला, माती ओली, जड आणि आतून सैल, काठ बसतो. म्हणून पाणी उतरल्या उतरल्या मोटार जोडायला कडेला धावू नका. काठाला समांतर भेग दिसली तर मागेच थांबा. उसाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत, घसरण त्याच्या खाली. ऊस काठ धरील ही आशा सोडा. उताराचं काम जागा बघितल्याशिवाय सांगता येत नाही, तज्ज्ञाला बोलवा.

दुकानदार म्हणतो, हे लिक्विड ओतलं की माती पक्की. (हातकणंगले)

त्याला विचारा, कुठली माती? चुन्यानं काळी माती सुधारते, पण प्रमाण प्रयोगशाळेत ठरतं, बाटलीच्या लेबलवर नाही.

रिटेनिंग वॉलची भोकं कुरूप दिसतात. बुजवू का? (पन्हाळा रोड)

नाही. भिंतीमागचं पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. बुजवलेली असतील तर उघडा.

शेजाऱ्यानं पोकलेननं उभा कट मारलाय, आमच्या अंगणात भेग आहे. पावसाळा संपल्यावर बघितलं तर? (गारगोटी)

तोवर अंगण राहिलं तर बघाल! आजच भेगेवर ताडपत्री टाका, पागोळीचं पाणी दुसरीकडे वळवा, कडेला गाडी लावू नका. पोरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. इंजिनिअर उद्या सकाळी जागेवर हवा.