लिंक स्पीड ५४ वरच अडकलाय? आधी सिक्युरिटी बघ

नवा राउटर आणायची घाई करू नकोस. लॅपटॉपचा वाय-फाय लिंक स्पीड, म्हणजे राउटरशी जोडणीचा वेग, ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही म्हणतोस ना, तो आकडाच चुगली करतोय. ५४ ही ८०२.११जी या जुन्या वाय-फाय मानकाची कमाल मर्यादा. टीकेआयपी किंवा वेप हे जुने एन्क्रिप्शन असेल तर त्यानंतरच्या 'एन' (८०२.११एन) मानकाचे वरचे वेग वापरायला मानकातच मनाई आहे. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटवर (म्हणजे राउटरवर) डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा पद्धत आणि फक्त एईएस एन्क्रिप्शन ठेव, टीकेआयपी+एईएस असा मिश्र पर्याय नको. डब्ल्यूएमएम (डेटाला प्राधान्यक्रम लावणारी वाय-फायची सोय, 'एन'च्या वेगांना ती लागते) कुणी बंद केलं असेल तर तेही चालू कर. मी या एका सेटिंगपायी दोन रविवार अँटेना फिरवत बसलो होतो!

मग लॅपटॉप दोन-तीन मीटरवर आणून परत बघ. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर ७२ दिसलं तर एकच स्ट्रीम (डेटाचा समांतर प्रवाह) चालू आहे, १४४ म्हणजे दोन. स्वस्त कार्डात एकच असते, त्याला बिघाड म्हणू नये. जवळ ठीक आणि आतल्या खोलीत घसरगुंडी, तर दोष भिंतींचा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच घे, मधलं नको.

आणि ७२ दिसतंय म्हणून फाइल त्या वेगाने उतरणार नाही. साधारण निम्मं पदरात पडतं.