लाटांवर वळणारा छोटा सप (उभं राहून वल्हवायचा) बोर्ड स्वतः डिझाइन करता येईल का? किती लिटरचा घ्यावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वजन ८२ किलो. दोन वर्षं धरणाच्या पाण्यात १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद असा हवा भरायचा सप चालवलात. गोव्यात मांद्र्याला चार-पाचदा लाटांवरही नेलात, पण तो नाकासमोर किनाऱ्याला येतो, वळत नाही. आता छोटा, कडक बोर्ड हवाय, जमल्यास स्वतः बनवलेला. आणि कुणीतरी सांगितलंय, 'वजन जितके किलो तितके लिटर घ्या' (लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान).

हे 'कुणीतरी' मलाही भेटलं होतं. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरीमुळे पर्वरीला राहतो, ड्रॉइंग ऑफिसात काम करतो. त्यामुळे शेप३डी नावाच्या सॉफ्टवेअरवर बोर्ड काढणं मला सोपं वाटलं. वजन ७८ किलो, म्हणून ८४ लिटरचा बोर्ड काढला, वर सहा लिटरची चैन. लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी साडेसव्वीस इंच. स्क्रीनवर तो इतका देखणा दिसत होता की मी त्याचं चित्र फोनच्या वॉलपेपरला लावलं होतं.

पहिल्या सकाळी आश्व्याच्या किनाऱ्यावर पाण्यात उभा राहिलो आणि बोर्ड दिसेनासाच झाला. पाणी घोट्याच्या वर. दोन तासांत तीन लाटा मिळाल्या, पडलो किती वेळा ते मोजलं नाही. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा चूक दिसली, आणि ती शाळकरी होती. ८४ लिटर खाऱ्या पाण्याचं वजन साधारण ८६ किलो. माझे ७८, बोर्डाचे स्वतःचे ६.८, वल्ह्याचे आणि ओल्या कपड्यांचे मिळून सव्वा किलो. बेरीज बरोब्बर ८६. म्हणजे मी मोठ्या मेहनतीने अशी वस्तू बनवली होती जी मला घेऊन तरंगतही नव्हती आणि बुडतही नव्हती. बोर्डाचं वजन मी धरलंच नव्हतं.

पण खरी गंमत पुढे आहे. बोर्ड थोडा बुडाला तर बिघडलं कुठे, असं तुम्हाला वाटेल. बिघडतं ते असं: तुम्ही एका बाजूला कललात की त्या बाजूची कड जास्त पाणी बाजूला सारते आणि तुम्हाला परत वर ढकलते. लांबी तीच ठेवली तर हा जोर रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. साडेसव्वीसऐवजी पावणेएकोणतीस इंच रुंदी घेतली तर रुंदी वाढते साडेआठ टक्के, आधार वाढतो जवळजवळ २८ टक्के. मात्र हे सगळं बोर्डाचा काही भाग पाण्याबाहेर असेल तरच. पूर्ण बुडालेल्या फळीला सारायला जास्तीचं पाणी उरत नाही. मग ती सव्वीस इंच असो की छत्तीस, डोलण्यात फरक नाही. मी दोन तास जे अनुभवलं ते बोर्डावर उभं राहणं नव्हतं, पाण्याखालच्या चेंडूवर उभं राहणं होतं.

आणि तसंही उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बोर्डापासून जवळपास मीटरभर वर असतो. इतक्या उंच ओझ्याला असा छोटा बोर्ड स्वतःहून कधीच स्थिर ठेवू शकत नाही. तोल तुमचे घोटे आणि वल्हं सांभाळतात, बोर्ड फक्त त्यांना वेळ देतो. किती वेळ देतो, हा सगळा रुंदीचा आणि पाण्यावर उरलेल्या लिटरचा प्रश्न.

म्हणून सप सर्फबोर्डाचं डिझाइन म्हणजे, माझ्या मते, एकाच फळीवर दोन बोर्डांचं भांडण मिटवणं. एक बोर्ड थांबलेला असतो: लाटेची वाट बघताना, वल्हवताना. त्याला रुंदी हवी, लिटर हवेत, सपाटी हवी. दुसरा लाटेवर पळणारा. पळायला लागल्यावर पाणी त्याला खालून उचलून धरतं, लिटरचा फारसा संबंध राहत नाही, आणि मग त्याला अरुंद शेपूट, पातळ कडा, वाकलेला तळ हवा असतो. आडवं पडून वल्हवणाऱ्या सर्फरला यातला पहिला बोर्ड जवळजवळ लागतच नाही, म्हणून त्याची फळी २५-३० लिटरची असली तरी भागतं. आपली दोनतृतीयांश सकाळ पहिल्या बोर्डावर जाते. लोक मात्र दुसऱ्याचे व्हिडिओ बघून खरेदी करतात. मीही केलं.

आधुनिक सपची सुरुवात ज्यांच्या नावाने सांगतात त्या लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी २००० च्या आसपास हवाईत माउई बेटावर हे सुरू केलं तेव्हा बोर्ड अकरा-बारा फुटांचे असत. सपपटू काई लेनीने २०१० मध्ये स्टँड अप वर्ल्ड टूर ही सपची जागतिक स्पर्धामालिका जिंकली तोवर स्पर्धेतले बोर्ड खूपच आखूड झाले होते. त्याचं वय तेव्हा विशीच्या आत, आणि पाण्याच्या शेजारी वाढलेला मुलगा. त्याचे आकडे आपले आकडे नव्हेत, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरा बोर्ड मी ८ फूट लांब, पावणेएकोणतीस इंच रुंद, १०६ लिटरचा काढला. मधल्या भागात कडा जरा भरीव ठेवल्या, म्हणजे कललो तरी त्या चटकन बुडत नाहीत. शेपटीकडे जाताना त्या पातळ आणि खालच्या अंगाला धारदार होत जातात. ही धार महत्त्वाची. तुमचा हवेचा बोर्ड वळत नाही त्याचं अर्धं कारण इथे आहे: त्याची सहा इंच जाड कड पूर्ण गोल असते, पाणी तिला चिकटून वर चढतं आणि बोर्डाला धरून ठेवतं. धारेवरून पाणी सुटतं, मग बोर्ड पळतो.

उरलेलं अर्धं कारण रुंदीचंच. २८-२९ इंचांची फळी मध्यावर उभं राहून कुशीवर करायची म्हणजे दार बिजागरीच्या बाजूने ढकलल्यासारखं. म्हणून शेपटीच्या टोकापासून फूटभर आत माझा बोर्ड फक्त साडेसोळा इंच आहे, आणि तिथे तळाला हलका 'व्ही' दिलाय, होडीच्या कण्यासारखा, म्हणजे तो या कुशीवरून त्या कुशीवर सहज झुकतो. पुढच्या भागात उथळ खोलगट तळ. नाकाकडची उचल पाच इंच, शेपटीकडची अडीच. शेपटीची उचल वाढवली की वळण आखूड होतं, पण वल्हवताना बोर्ड पाणी ओढत चालतो आणि लाट पकडायला उशीर होतो. गोव्याच्या लाटा बहुतेक दिवस मवाळ असतात, त्यामुळे मी उचल कमीच ठेवली. तीन फिन (तळाला पाण्यात राहणारी, माशाच्या परासारखी पाती): मागचं मधोमध, बाजूची दोन नाकाकडे किंचित तिरकी आणि बाहेर कललेली. चार फिनांवर वेग जास्त वाटला, पण माझ्या कटबॅकचा (लाटेच्या फुटत्या भागाकडे परत वळण्याचा) मेळ तीनवरच बसतो. याला चवीपलीकडे कारण नाही.

आता बनवण्याबद्दल. आतला गाभा म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त टीव्हीच्या खोक्यातलं नव्हे. बारीक दाण्याचं, घनमीटरला २० ते २४ किलो भरणारं हवं. गणेशोत्सवाच्या मखराचं हलकं थर्माकोल टाचेखाली दबतं आणि तडा गेला की पाणी पितं. प्लायवूडच्या दोन पट्ट्या आकारात कापून दोन्ही बाजूंना लावायच्या आणि तापलेल्या तारेने ठोकळा कापायचा, मग रंधा आणि पॉलिश पेपर. यात दोन शनिवार-रविवार गेले आणि शेजाऱ्यांच्या तुळशीवर पांढरा बर्फ पडला, त्याची माफी मागावी लागली.

वर काचेचं कापड आणि रेझिन. इथे कोकणी माणसाची हमखास फसगत होते. फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत, हात सफाईदार, म्हणून त्यांच्याकडे जावंसं वाटतं. मीही मालवणात एकाकडे तुकडा घेऊन गेलो. होडीला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, आणि त्यातलं स्टायरिन थर्माकोलला खातं. त्याने ब्रश फिरवला आणि तुकडा गरम पाण्यातल्या गुळासारखा बसला. दोघेही हसलो. "तुझी होडी इरघळली रे," म्हणाला. थर्माकोलला इपॉक्सीच लागतं, आणि तेही पावसाळ्यात लावू नका. दमट हवेत वर चिकट थर धरतो, तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर पकडत नाही. उभं राहण्याच्या जागी कापडाचा जास्तीचा थर द्या, नाहीतर महिन्याभरात दोन टाचांचे खड्डे पडतील. हवेसाठी व्हेंट बसवायला विसरू नका. बंद गाडीत उन्हात ठेवलात तर आतली हवा फुगून कापड सुटतं.

खर्चाचं विचाराल तर पहिला बोर्ड बनवून पैसे वाचत नाहीत. कळतं मात्र बरंच.

चालवण्याकडे येतो. छोट्या बोर्डावर पहिली अडचण वळणांची नसते, सरळ जाण्याची असते. प्रत्येक वल्ह्याला नाक फिरतं. दांडा शक्य तितका उभा धरा, पातं पायाच्या बोटांच्या पुढे घाला आणि पायांशी येताच बाहेर काढा. मागे ओढत नेलंत की बोर्ड गोल फिरलाच. आणि पात्याची वाकडी बाजू पुढे झुकलेली हवी. हे लिहायला लाज वाटते, पण दर हंगामात निम्मे लोक वल्हं उलटं धरलेले दिसतात.

फुटलेल्या लाटेचा फेस अंगावर येत असेल तर पाय शेजारी-शेजारी ठेवून उभं राहिलात की संपलं. एक पाय मागे घ्या, फेस पोचायच्या क्षणी मागच्या पायावर भार देऊन नाक उचला, आणि वर आल्याबरोबर पातं पलीकडच्या पाण्यात रोवून स्वतःला ओढून घ्या. माझे यात आजही दहातले तीन प्रयत्न फसतात.

लाट मिळाल्यावर मागचा पाय खरोखर मागे जायला हवा, फिनांच्या वरती, जिथे पायाखालच्या पॅडला उंचवटा असतो तिथे. बहुतेकजण फूटभर अलीकडेच थांबतात, आणि मग 'बोर्ड वळत नाही'. लाटेच्या पायथ्याशी गुडघे वाका, लाटेकडच्या बाजूला पातं पाण्यावर टेका, त्याच्यावर चक्क रेला आणि जिथे जायचंय तिकडे बघा. पातं ब्रेक नव्हे, तो खांब आहे, तुम्ही त्याच्याभोवती फिरता. हे जमलं त्या दिवशी मला कळलं की वल्हं हे फक्त लाटेपर्यंत पोचायचं साधन नाही; आडव्या सर्फरकडे नसलेला तिसरा पाय तो. वल्हं डोक्याच्या उंचीहून चार-सहा इंच जास्त पुरे. धरणावरचं लांब वल्हं इथे खाली वाकूच देत नाही.

वेळ सकाळची. मतलई वारा असेपर्यंत लाटेचं तोंड गुळगुळीत असतं. दहा-अकराला खारा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं, आणि तेव्हा तुमचे २० लिटर जास्तीचे आहेत की नाहीत हे लगेच कळतं. जून ते सप्टेंबर लाल बावटे असतात, तेव्हा नाही म्हणजे नाही. पायाला लीश (बोर्डाला जोडलेली दोरी) बांधल्याशिवाय कधीच नाही; सात किलोची सुटलेली फळी मागच्या पोराच्या तोंडावर जाते. आणखी एक: उभे असल्यामुळे लाट आपल्याला आधी दिसते आणि आधी मिळते. म्हणून प्रत्येक घेऊ नका, आडवं पडून वल्हवणाऱ्या छोट्या बोर्डवाल्यांना सोडत जा. सपवाल्यांना शिव्या पडतात त्या याच कारणाने, आणि बऱ्याचदा रास्तच.

भारतात सपचं नाव झालंय ते जास्त करून शर्यतींमुळे. तन्वी जगदीश, सेकर पच्चई ही नावं तुम्ही ऐकली असतील. मंगळुरूजवळ ससिहित्लूला २०२४ मध्ये इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला. पण तिथले १४ फुटी अरुंद बोर्ड बघून आपल्याला हवं त्याचा अंदाज बांधू नका, ती वेगळी जात.

तुमच्यापुरता आकडा: ८२ अधिक बोर्ड-वल्हं-कपडे मिळून नव्वदेक किलो, म्हणजे खाऱ्या पाण्यात ८८ लिटर तर नुसते तरंगायलाच गेले. त्यावर २०-२५ ठेवले की ११० येतात, आणि तिथे तुम्ही वर्षभराने या. आत्ता साडेआठ फूट, ३० इंच, १२० ते १२५ लिटर असा जुना कडक बोर्ड कुणाचा मिळाला तर घ्या आणि एक हंगाम त्यावर काढा. कमी करायचं झालं तर आधी लांबी कमी करा, मग जाडी. रुंदीला हात सगळ्यात शेवटी.

माझा तो ८४ लिटरचा अजून वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत आडवा टांगलेला असतो. सुट्टीत भाचा येतो, ५२ किलोचा, आणि तो काढून घेऊन जातो. त्याच्याखाली बोर्ड नीट पाण्यावर राहतो, आणि वळतोही.